‘यवन’ ही ओळख आणि तिचे वाचन : कार्ले, जुन्नर व नाशिक येथील दानलेखांची चिकित्सा

प्रस्तावना

आशिया मायनरमधील लिशिया या प्रदेशात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, ओइनोआंदा नावाच्या प्राचीन ग्रीक नगराचे अवशेष आहेत. १८८४ साली फ्रेंच संशोधकांना तेथे एका विस्तृत तत्त्वज्ञानपर लेखाचे तुकडे प्रथम आढळले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात डायोजेनिस नावाच्या नागरिकाने एपिक्युरसचे तत्त्वज्ञान नगरातील एका स्तंभयुक्त सज्जाच्या भिंतीवर कोरवून घेतले होते. मूळ लेख सुमारे २५,००० शब्दांचा असावा, असा अंदाज आहे. पुढे ती भिंत मोडली, तिचे दगड इतर बांधकामांत वापरले गेले आणि आज लेखाचा काही अंशच उपलब्ध आहे. आपण वृद्धापकाळी हे लिहीत आहोत, ते केवळ नगरबांधवांसाठी नसून परक्यांसाठीही आहे आणि वस्तुतः सारी पृथ्वी एकच मायभूमी असल्याने ‘परका’ असा कोणी नसतोच, असा डायोजेनिसच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

साधारणतः याच कालखंडात सह्याद्रीच्या लेण्यांमध्ये काही दात्यांनी स्वतःची ओळख ‘यवन’ अशी कोरवून ठेवली. पुणे जिल्ह्यातील कार्ले व जुन्नर आणि नाशिक येथील हे लेख अभ्यासकांना नवे नाहीत. तथापि त्यांचे वाचन बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे : हे यवन खरोखर ग्रीक होते काय? हा प्रश्न पुरेसा आहे का, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

लेखांचे स्वरूप

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठे शैलकृत चैत्यगृह मानले जाते. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी पंधरा स्तंभ असून त्यांपैकी अनेकांवर दात्यांची नावे आहेत. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत आहे. धेनुकाकट या गावाचे नाव येथे वारंवार येते आणि यवन दाते प्रामुख्याने तेथीलच आहेत. त्यांची नावे मात्र सिंहधय, यशवर्धन, धम्म अशी एतद्देशीय वळणाची आहेत. जुन्नर परिसरात इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिली. चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यातील लेख तुलनेने विस्तृत आहे. दत्तामित्री येथील औत्तराह योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने मातापित्यांप्रीत्यर्थ लेणे, त्यातील चैत्यगृह आणि पोढी करविल्या. या कार्यात पुत्र धम्मरक्षित त्याच्यासमवेत होता.

आजवरच्या वाचनांची चिकित्सा

डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या लेखांचा विचार हेलेनिस्टिक जगाच्या चौकटीत केला. भारतीय नावे धारण करणारे हे यवन म्हणजे एखाद्या ग्रीक ‘पोलिस’चे, अर्थात नगरराज्याचे, नागरिकत्व लाभलेले भारतीय असावेत, असे त्यांचे मत होते. हे मत आकर्षक असले तरी त्याला लेखांतून आधार मिळत नाही. नगरसभा, नागरिकत्व किंवा नगराधिकारी यांचा निर्देश या लेखांत आढळत नाही. ‘यवन’ या एका शब्दावरून संपूर्ण नगरव्यवस्था उभी करणे हा अनुमानाचा अतिरेक ठरतो.

अ. कि. नारायण यांनी १९५७ मध्ये इंडो-ग्रीकांचा इतिहास हा भारतीय इतिहासाचा भाग असल्याचे ठामपणे मांडले आणि टार्न यांच्या चौकटीलाच आव्हान दिले. ही दुरुस्ती आवश्यक होती. परंतु तिचा मुख्य रोख राजे आणि नाणी यांच्याकडे असल्याने एक स्तंभ किंवा एक टाके देणारा सामान्य यवन तिच्यातही दुय्यमच राहतो.

दा. ध. कोसंबी यांचा १९५५ सालचा ‘धेनुकाकट’ हा निबंध अधिक मोलाचा आहे. गणिताचा हा प्राध्यापक पुण्याहून कार्ल्याचा परिसर पायी हिंडला आणि लेखातील गाव त्याने लेण्याच्या आसमंतातच शोधले. दान, व्यापारी मार्ग आणि घाट यांचा परस्परसंबंध त्यांनी जोडून दाखविला. एका स्तंभशीर्षावरील स्फिंक्ससदृश आकृतीकडेही लक्ष वेधले. त्यांच्या स्थाननिश्चितीबाबत मतभेद होऊ शकतात. पण लेखाला भूमीशी जोडण्याची त्यांची पद्धती आजही अनुकरणीय आहे. मात्र दान कोठून आले याचे उत्तर देताना दात्याने स्वतःविषयी नेमके काय लिहविले, हा प्रश्न त्यांच्याही विवेचनात मागे पडतो.

‘यवन’ शब्दाचे स्थान

कार्ल्याच्या लेखांची रचना तपासली असता एक गोष्ट ध्यानात येते. गाव, मग दात्याची सामाजिक ओळख, मग नाव आणि शेवटी दान, असा क्रम त्यांत वारंवार दिसतो. ओळखीच्या या जागी धेनुकाकटचा सिंहदत्त ‘गांधिक’, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. सामिक ‘वढकी’, म्हणजे सुतार, आहे. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे. सोपाऱ्याहून आलेला सातिमित हा धम्मुत्तरीय परंपरेतील भाणक, म्हणजे धर्मवचनांचा पाठक, आहे. नेमक्या याच जागी सिंहधय ‘यवन’ आहे. लेखाच्या व्याकरणात ‘यवन’ हा शब्द गांधिक किंवा वढकी यांहून वेगळा उठून दिसत नाही. त्याला गौरवाचे विशेषण जोडलेले नाही आणि न्यूनत्वाचेही नाही.

याच्या उलट चित्र नाशिकच्याच डोंगरात सापडते. गौतमी बलश्रीच्या प्रसिद्ध लेखात गौतमीपुत्र सातकर्णी हा शक, यवन व पह्लव यांचा संहारक म्हणून गौरविला आहे. एकाच डोंगरावर राजप्रशस्तीतील यवन शत्रू आहे, तर दानलेखातील योनक हा मातापित्यांच्या पुण्याची चिंता करणारा पुत्र आणि स्वतः एका मुलाचा पिता आहे. केवळ प्रशस्तीवरून समाजमानस ठरविणाऱ्या इतिहासलेखनाने ही विसंगती गांभीर्याने घ्यावयास हवी.

‘चातुर्दिश संघ’ आणि परकेपणाचा प्रश्न

इंद्राग्निदत्ताने आपले लेणे सर्व बुद्धांच्या पूजेसाठी चातुर्दिश भिक्षुसंघाला अर्पण केले. हा दानलेखांतील रूढ शब्दप्रयोग आहे; परंतु रूढ असल्यामुळेच तो महत्त्वाचा आहे. चारही दिशांच्या संघाला दिलेल्या वास्तूवर कोणत्याही दिशेने आलेल्या भिक्षूचा हक्क पोचतो. ओइनोआंदाच्या भिंतीवर ‘कोणी परका नाही’ हे विधान म्हणून मांडले गेले. येथे तोच विचार मालकीच्या व्यवस्थेत उतरला आहे. शिवाय हे दान देणारा स्वतः उत्तरेकडून आलेला आहे. या कुटुंबातील नावेही बोलकी आहेत : आजोबा धम्मदेव, पुत्र इंद्र व अग्नी या वैदिक देवतांच्या नावाचा, आणि नातू धम्मरक्षित.

ही तुलना ताणता मात्र येणार नाही. डायोजेनिसने वाचकाला उद्देशून युक्तिवाद केला. कार्ल्याच्या दात्याने केवळ नोंद केली. त्याला बौद्ध तत्त्वज्ञानाची जाण किती होती, हे चार शब्दांच्या लेखावरून ठरविता येत नाही. पण दोन्हींमधील फरक उपयुक्त आहे. १९५८ साली कंदाहार येथे उपलब्ध झालेल्या अशोकाच्या लेखात ‘धम्म’ ही कल्पना ‘युसेबिया’ या ग्रीक शब्दाने व्यक्त झाली. तेथे धम्म ग्रीक भाषेकडे गेला. सह्याद्रीत यवन प्राकृताकडे आला. तरीही त्याने ‘यवन’ हा शब्द पुसला नाही. सामावून जाण्यासाठी ओळख टाकून देण्याची अट येथे दिसत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, यवन लेखांचे वाचन वंशनिश्चितीपुरते मर्यादित ठेवल्यास त्यांतील मुख्य आशय निसटतो. दाता जन्माने ग्रीक ठरला तर परकीय प्रभावाचा पुरावा आणि न ठरला तर स्वदेशीकरणाचा पुरावा, अशी विभागणी करण्यात दोन्ही बाजू समान चूक करतात. ‘यवन’ आणि ‘धेनुकाकटचा’ या दोन्ही गोष्टी त्याने एकाच ओळीत लिहविल्या आहेत आणि त्या तशाच एकत्र वाचल्या पाहिजेत.

पुण्यातील महाविद्यालयांच्या सहली कार्ल्याला नेहमी जातात. विद्यार्थी एकवीरेचे दर्शन घेतात, छताच्या लाकडी फासळ्या पाहतात आणि स्तंभांवरील अक्षरांपुढून निघून जातात. इतिहास, पाली आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन या लेखांचे मूळ ठिकाणी वाचन घडविले, तर परका कोण, या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील व्याख्येऐवजी प्रत्यक्ष स्तंभासमोर उभे राहून करता येईल.