‘हे माझं नाही, पण बघा’

लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, तीन वर्षांपूर्वी मी एक फाइल पाहिली. फाइल म्हणजे कापडी पाठीचा जाड पुठ्ठा, नाडीने बांधलेला. आत पेन्सिलीची रेखाटनं, थोडे पिवळे पडलेले सेल, दोन-तीन रंगीत पार्श्वभूमी. फाइलचे मालक ऐंशीच्या पुढचे. पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये काही वर्षं आणि पुढे खासगी स्टुडिओंत त्यांनी हयात घालवली. नाव छापू नका म्हणाले. संकोच म्हणून नव्हे. “एकट्याचं छापू नका. छापायची तर सगळ्यांची छापा,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून या लेखात ते ‘काका’ आहेत.

मी गेलो होतो त्यांचं काम पाहायला. ते एकेक कागद उलटत म्हणायचे, “हे माझं.” मग पुढचा कागद, आणि “हे माझं नाही, पण बघा.” दुसऱ्या माणसाचं काम दाखवताना त्यांचा आवाज चढायचा. स्वतःचे कागद ते भराभर उलटत, आणि दुसऱ्याच्या एका हरणापाशी दहा मिनिटं थांबत. पहिल्या दिवशी मी कंटाळलो, हे कबूल करतो. माझ्या वहीत मला एक नाव आणि त्याखाली कामांची यादी हवी होती. घरी परतताना भारतमाता सिनेमाजवळच्या बसस्टॉपवर उभा असताना लक्षात आलं, की चूक माझ्या वहीतच होती.

आपल्याकडे अॅनिमेशनवर फार थोडं लिहिलं गेलं, आणि जे लिहिलं गेलं ते बहुतेक दिग्दर्शकाच्या नावाने. ही सवय कथाचित्रपटाच्या समीक्षेतून आली. हलत्या चित्राचं तसं नसतं. चालणाऱ्या माणसाचं पहिलं आणि नववं चित्र एक जण काढतो. मधली सात दुसरा काढतो, त्याला इन-बिटवीनर म्हणतात. तिसरा ती रेघ शाईने पारदर्शक सेलवर उतरवतो. चौथा, पुष्कळदा चौथी, सेल पालथा घालून मागून रंग भरते. मागचं झाड पाचव्याचं. सगळं एकावर एक ठेवून फोटो घेणारा सहावा. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी जातात; एक चित्र दोन चौकटी टिकवलं, तरी सात मिनिटांना पाच हजारांवर चित्रं लागतात. एवढ्या चित्रांना एकच ‘कर्ता’ लावायचा, तर बाकीच्यांना पुसावं लागतं. आपण ते सहज केलं आहे.

ही पुसापुशी जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. आगपेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवत हलवल्या. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि परदेशी कच्ची फिल्म मिळणं दुरापास्त झालं होतं. त्यांच्या घरी सरस्वतीबाई रात्री जागून फिल्मला भोकं पाडत, ती धूत, आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. फाळक्यांचं नाव दादरच्या रस्त्याला आहे. सरस्वतीबाईंचं नाव अभ्यासकांच्या तळटीपेत सापडतं.

आता पेडर रोडकडे येतो. फिल्म्स डिव्हिजन १९४८मध्ये सुरू झालं. कार्टून युनिटला खरा आकार आला तो १९५६च्या सुमारास, क्लेअर वीक्स आल्यावर. हे गृहस्थ मिशनरी घरातले, भारतात जन्मलेले, पुढे डिस्नेच्या स्टुडिओत बरीच वर्षं काढलेले. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून ते मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या पोरांना शिकवलं. त्या पोरांत राम मोहन होते; वय पंचवीस. १९५७चा ‘द बनियन डियर’ हे त्या शाळेचं पहिलं मोठं फळ. जातककथा, आणि चित्रशैली अजिंठ्याची.

हा लघुपट मी तीसेक वेळा पाहिला असेन. दर वेळी तोच पेच पडतो. थांबलेलं चित्र अजिंठ्याचं आहे: लांबट डोळे, मानेचा बाक, गेरूच्या जवळ जाणारे रंग. चित्र हललं की ते अमेरिकेचं होतं. हरीण झेप घेण्याआधी दबतं, हवेत ताणलं जातं, उतरताना पुन्हा दबतं. ही डिस्नेची शिकवण. भिंतीवरची अजिंठ्याची रेघ न हलताच वाहती आहे, तिला हा रबरासारखा ताण सोसत नाही. समीक्षकांनी या लघुपटाचं ‘भारतीय’ म्हणून कौतुक केलं, ते मला अर्धंच पटतं. रेघ भारतीय आहे, चाल उसनी आहे. पण काही जागी, विशेषतः हरणं उभी असताना आणि फक्त मान वळते तिथे, दोन्ही जुळून येतात. तिथे चाल कमी आणि थांबणं जास्त आहे.

काकांपुढे मी हे मत मांडलं. ते म्हणाले, “मान वळवणारा वेगळा होता.” मग फाइलमधलं एक रेखाटन काढलं, कुठल्याशा नंतरच्या कामातलं, एका बाईचं वळणं. “हाही तोच. तो आधी डोळा वळवायचा, मग मान, मग खांदा. बाकीचे सगळं एकदम फिरवायचे.” मी घरी जाऊन लघुपट चौकट-चौकट पाहिला. काही वळणांत डोळा खरोखर आधी जातो, काहींत जात नाही. तो माणूस काका म्हणतात तोच होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या लघुपटात निदान दोन हात आहेत आणि ते वेगळा विचार करतात, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर दिसलं. दाखवलं ते दुसऱ्याचं काम मिरवणाऱ्या एका माणसाने.

काकांचं सगळं मी डोळे मिटून मान्य केलं असं नाही. एक कागद त्यांनी युनिटमधला म्हणून दाखवला. अॅनिमेशनच्या कागदाला कडेला भोकं असतात, पेगवर बसवण्यासाठी: मधलं गोल, दोन्ही बाजूंना चपटी. या कागदाला ऑफिसातल्या पंचिंग मशीनची दोन साधी भोकं होती. मी बोट ठेवलं तसे ते खळखळून हसले. “बरोबर. ही जाहिरात. परळला एका खोलीत केलेली. लाइट टेबल म्हणजे खालून बल्ब लावलेली काच होती.” आठवण चुकते, कागद सहसा चुकत नाही. संशोधकाला दोघांनाही समोरासमोर बसवावं लागतं.

चुकण्यात मी त्यांच्यापुढे आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका लेखात मी ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट राम मोहन यांच्या नावावर टाकला. माझ्या पिढीने तो दूरदर्शनवर इतक्या वेळा पाहिला, की तो कुणी केला असेल हा प्रश्नच पडत नसे. पाऊस कोण पाडतो हे जसं विचारत नाही. एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अॅनिमेशन भीमसैन यांचं. १९७४चा लघुपट, संगीत वसंत देसाईंचं, आणि गाणारी लहान मुलगी म्हणजे पुढच्या साधना सरगम. मला शरम वाटली. विजयाबाई मराठी, मुंबईत जन्मलेल्या, आणि मराठी दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. (गंमत अशी, की त्यांच्या कन्या सुहासिनी मुळे १९६९च्या ‘भुवन शोम’च्या नायिका, आणि त्या चित्रपटातला अॅनिमेशनचा तुकडा राम मोहन यांचा. एवढ्या जवळून जाऊनही मी चुकीच्या दारात शिरलो.)

भीमसैन फिल्म्स डिव्हिजनमध्येच तयार झाले. १९७०च्या ‘द क्लाइंब’मुळे त्यांना शिकागोचा पुरस्कार मिळाला, पुढे त्यांनी ‘घरौंदा’ केला. ‘एक अनेक’मध्ये पक्ष्यांचा थवा जाळ्यासकट उडतो, तो तुकडा पुन्हा पाहावा. पंखांची मोजकीच चित्रं फिरून फिरून वापरली आहेत. खर्च वाचवायची ही युक्ती, पण कथाच अशी की सगळ्यांनी एकसारखं हलायचं आहे. तिथे काटकसर अर्थाच्या उपयोगी पडली. हरणांची उसनी झेप आणि या पक्ष्यांची गरीब फडफड शेजारी ठेवली, तर मला फडफड अधिक आपली वाटते. लालबागच्या मुलाला तशी वाटणारच. आमच्या गणपतीतल्या हलत्या देखाव्यातला भीम तासन्‌तास एकच गदा वर-खाली करायचा, आणि आम्ही रांगेत उभं राहून ते पाहायचो.

राम मोहन १९६८मध्ये सरकारी नोकरीतून बाहेर पडले आणि १९७२पासून स्वतःच्या नावाचा स्टुडिओ चालवू लागले. ‘शतरंज के खिलाडी’मधला राज्यं गिळण्याचा तुकडा, युनिसेफची मीना, युगो साको यांच्याबरोबरचा १९९२चा ‘रामायण’ ही कामं सर्वांना ठाऊक आहेत. ‘रामायण’ला साडेचारशे कलाकार आणि लाखभर सेल लागल्याचं सांगितलं जातं, आकडा कमी-जास्त असेल, पण तिथेही आपण दोन-तीनच नावं घेतो. राम मोहन यांचं मोठेपण मला त्यांच्या कुठल्याही एका चित्रापेक्षा त्यांच्या स्टुडिओच्या दारात दिसतं. तिथून माणसं आत येत आणि शिकून बाहेर पडत. जे. जे.मधून १९९४मध्ये बाहेर पडलेल्या गीतांजली राव अॅनिमेशन तिथेच, काम करता करता शिकल्या.

त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ २००६मध्ये कानच्या समीक्षक सप्ताहात गाजला. एक म्हातारी, तिची मांजर आणि आगपेट्यांच्या चित्रांचा संग्रह. फाळक्यांच्या आगकाड्यांनंतर नव्वद वर्षांनी पेटीवरचं चित्र हललं! हा लघुपट जवळजवळ एकहाती आहे आणि ते दिसतं. रेघ कुठेही अनोळखी होत नाही. २०१९चा ‘बॉम्बे रोझ’ मात्र पन्नास-साठ जणांच्या हातांनी रंगवला. रस्त्यावरची गर्दी, फुलवाल्या, खिडक्या यांत मला ठिकठिकाणी निराळे हात जाणवतात. काही समीक्षकांना चित्रपट पसरट वाटला. कथेपुरतं ते खरं आहे. पण मुंबईच्या गर्दीचं चित्र एकाच हाताने काढलं, तर ते खोटं निघेल असं मला वाटतं. गर्दीतला हरेक जण निराळा चालतो.

काकांची चाळ आता पुनर्विकासाला गेली. खोली सोडायच्या आधी फाइल कुठेतरी नीट राहावी म्हणून मी एका संग्रहाकडे गेलो. नाव सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘कलाकाराचे नाव’. एकच ओळ. मी म्हटलं, यात निदान अकरा जणांचं काम आहे. अधिकारी म्हणाले, ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं नाव घाला, नाहीतर ‘अज्ञात’ लिहा. काकांना दोन्ही चालेना. “मी दुसऱ्याचं हरीण माझ्या नावावर चढवू? आणि तो अज्ञात कसा? मला ज्ञात आहे ना!” फाइल परत आली.

मग आम्ही चार रविवार बसलो. प्रत्येक कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, काम, साधारण साल. काकांना जिथे खात्री नव्हती तिथे प्रश्नचिन्ह. पंचिंग मशीनच्या भोकांचे कागद वेगळे काढले. सेलवर लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्यामधे बटर पेपर घालून त्यावर लिहिलं. रंग भरणाऱ्या दोन बायकांची फक्त पहिली नावं आठवली, तीच लिहिली. एका कागदावर पक्षी होता, पंख अर्धे मिटलेला, आणि कोपऱ्यात सात हा आकडा. तो कुणाचा, ते काकांना काही केल्या आठवेना. “कालपर्यंत आठवत होतं हो,” म्हणाले.

काका आता मुलीकडे डोंबिवलीला असतात आणि फाइल माझ्या दादरच्या घरी कपाटावर आहे. गेल्या श्रावणात रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. ना हॅलो, ना कसे आहात. एक नाव सांगितलं, आडनावासकट, आणि म्हणाले, “सात नंबर. लिहून घ्या, विसरेन.” मी स्टूल घेतलं आणि फाइल खाली काढली.