माझी पुस्तक, माझा घर

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा लखनौचा सहकारी मराठी शिकतोय. तो ‘माझी पुस्तक’ म्हणतो, ‘माझा घर’ म्हणतो, ‘माझा पाणी कुठे आहे’ असंही विचारतो. हिंदीत पुस्तक ‘ती’, घर आणि पाणी ‘तो’. नपुंसकलिंग हिंदीत नाहीच. म्हणजे शब्द तीन, चुका तीन, पण कारण एकच.

भाषा शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे एक कारण दिसतं का?

२०१८ साली ड्युओलिंगोने संशोधकांसाठी स्पर्धा ठेवली. इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंच शिकणाऱ्या ६,०००हून अधिक लोकांच्या पहिल्या ३० दिवसांतल्या उत्तरांचा विदा खुला केला. त्यात ७० लाखांवर शब्द होते. शिकणारा पुढे कुठल्या शब्दावर चुकेल, हे ओळखायचं होतं. इतका विदा संशोधकांसाठी खुला करणं कौतुकाचंच. पण त्यात प्रत्येक बरोबर शब्दापुढे फक्त शून्य किंवा एक आहे: जमला की चुकला. त्या जागी शिकणाऱ्याने नेमकं काय लिहिलं, ते नाही.

इंजिनिअर म्हणून मला याचा मोह कळतो. शून्य-एक मोजता येतं, त्यावर मॉडेलांची तुलना करता येते. शब्द विसरण्यापुरतं ते चालतंही. एबिंगहाउसने १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला तोही मोजूनच. पण माझा सहकारी ‘पुस्तक’ विसरलेला नाही. त्याला तो शब्द दहा वेळा पुन्हा विचारून काय होणार?

पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकाने १९६७ सालीच सांगितलं होतं की चूक हा पुरावा असतो. शिकणाऱ्याने मनात कोणता नियम बांधलाय, ते तिच्यातून कळतं. शून्य-एक लिहिताना आपण हा पुरावाच पुसून टाकतो. उरते ती चुकांची संख्या.

मी सहकाऱ्याला एवढंच सांगितलं, की आमच्याकडे ‘तो’ आणि ‘ती’ यांच्या जोडीला ‘ते’ही असतं. दोन दिवसांनी तो म्हणाला, ‘माझं पाणी.’ आणि मग लगेच, ‘माझं चहा.’

सॉफ्टवेअरने इथे आणखी एक चूक नोंदवली असती. पण हिंदीतून आलेली चूक ‘माझी चहा’ अशी झाली असती. ‘माझं चहा’ ही त्याची मराठीतली पहिली स्वतंत्र चूक होती.