निरर्थक शब्दांची चाचणी

उपाय आणि साध्य यांची गल्लत कशी होते, हे आज एका अगदी छोट्या उदाहरणावरून पाहू. उदाहरण इंग्लंडमधलं आहे आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांचं आहे. तुमच्यापैकी अनेकांची नातवंडं तिकडे शिकतात. चाचणी जवळ आली की व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांनाही शब्दांची कार्डं दाखवली जातात. तेव्हा विषय दूरचा नाही.

इंग्लंडच्या सरकारी शाळांत २०१२ पासून 'फोनिक्स स्क्रीनिंग चेक' नावाची चाचणी होते. इयर वनमधल्या मुलांची, जून महिन्यात. शिक्षक एकेका मुलाला समोर बसवतात आणि ४० शब्द मोठ्यानं वाचायला सांगतात. त्यांतले २० खरे आणि २० चक्क बनावट. बनावट शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळावं की हा खरा शब्द नाही. शाळांमध्ये त्यांना 'एलियन वर्ड्स' म्हणतात. अपेक्षित पातळी ३२ गुणांची. त्याखाली राहिलेल्या मुलाला जादा मदत मिळावी आणि इयर टूमध्ये त्यानं चाचणी पुन्हा द्यावी, अशी योजना. पहिल्या वर्षी ५८ टक्के मुलं त्या पातळीला पोचली, २०१९ मध्ये ८२ टक्के.

आता पहिली प्रतिक्रिया काय होते? 'अर्थ नसलेले शब्द वाचायला लावायचे, हा काय वेडेपणा!' मी म्हणतो, थांबा. आधी त्यामागची युक्ती समजून घेऊ, कारण ती हुशारीची आहे. मूल ओळखीचा शब्द चित्रासारखा लक्षात ठेवू शकतं. 'डॉग' बरोबर वाचला म्हणजे त्यानं अक्षरांवरून ध्वनी जुळवले, की नुसती आठवण वापरली, हे बाहेरून कळत नाही. 'व्हॅप' हा शब्द मात्र कुणीच पूर्वी पाहिलेला नाही. तिथे आठवण कामाला येत नाही, जुळवावंच लागतं. शिवाय घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा शब्द जितका परका, तितकाच लंडनच्या इंग्रज मुलालाही. म्हणजे या २० शब्दांपुरता एक प्रकारचा न्याय आहे.

मग आक्षेप कुठे? त्यासाठी आपल्याकडचा एक जुना वाद आठवा. मीमांसक म्हणतात, 'गौः' हा शब्द म्हणजे गकार, औकार आणि विसर्ग. त्या क्रमानं आलेले वर्ण हाच शब्द, त्यापलीकडे काही मानायची गरज नाही. कुमारिल भट्टानं ही बाजू जोरात मांडली. भर्तृहरी उलट बाजूचा. त्याच्या मते अर्थ देणारं एकक अखंड आहे, मुळात ते वाक्यच आहे. वर्ण आणि पदं ही आपण नंतर केलेली फोड. पण गंमत बघा. भर्तृहरी ही फोड टाकाऊ मानत नाही. तो तिला शिकणाऱ्या बालकांसाठीचा उपाय म्हणतो. या वाटेनं जायचं, पण ही वाट म्हणजे मुक्काम नव्हे.

माझी सगळी टीका या एका मुद्द्यावर उभी आहे. फोनिक्स हा उपाय आहे, आणि चांगला उपाय आहे. चाचणीनं त्याला साध्य करून टाकलं.

आधुनिक संशोधनही वेगळं सांगत नाही. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं : वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणिले, अधिक नव्हे! दोन्हींपैकी एक शून्य असेल तर गुणाकार शून्य. ही चाचणी यातला एकच गुणक मोजते. त्यात गैर काही नाही, पण तो एकच गुणक आहे हे लक्षात ठेवलं पाहिजे. ते राहत नाही. शाळानिहाय निकाल जाहीर होत नसले तरी तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडला ते दिसतात. मग शाळेवर दडपण, शाळेकडून पालकांवर, आणि पालकांकडून त्या चिमुरड्यावर.

याचा पुरावा आकड्यांतच आहे. पहिल्या दोन वर्षांत ३२ ही रेषा आधीच माहीत होती. तेव्हाच्या गुणांच्या आलेखात नेमका ३२ वर उंच सुळका दिसतो, आणि ३१ वर खड्डा. पुढे २०१४ पासून रेषा चाचणीनंतर जाहीर करू लागले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं, ते इथेही लागू आहे : मापालाच लक्ष्य केलं की ते माप भरवशाचं राहत नाही.

घरात हेच छोट्या प्रमाणावर घडतं. बनावट शब्दांच्या याद्या आणायच्या आणि रोज घोकून घ्यायच्या. अहो, तो शब्द अनोळखी होता म्हणून तर उपयोगाचा होता! तुम्ही त्याची ओळख करून दिलीत, संपलं. हे थर्मामीटर गरम पाण्यात बुडवण्यासारखं आहे. आकडा बदलतो, अंगातला ताप नाही.

दुसरी गोष्ट. समजा 'स्ट्रॉम' लिहिलंय आणि मुलानं 'स्टॉर्म' वाचलं. गुण जाणार, ते बरोबरच आहे. पण मुलानं काय केलं? अर्थ शोधला. त्यावर आपण ओरडलो तर त्याला काय शिकवलं? वाचताना अर्थ शोधायचा नसतो, हे. त्याऐवजी म्हणावं, 'जवळ आलास, आता एकेक अक्षर बोट ठेवून बघ.'

मग तयारी करायचीच नाही का? करायची, पण वाचनाची. आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. आपण 'क, ख, ग' म्हणतो तेव्हा प्रत्येकात 'अ' दडलेला असतो. त्याच सवयीनं 'बॅट' शिकवताना आपण 'ब-अॅ-ट' म्हणतो, आणि मुलाला ते जोडता येत नाही. इंग्रजीत हवा पाय मोडलेला 'ब्' आणि पाय मोडलेला 'ट्'. 'म्', 'स्', 'फ्' लांबवता येतात, त्यांपासून सुरुवात करा. अक्षराचं नाव आणि त्याचा ध्वनी वेगळे ठेवा. 'डब्ल्यू' या नावात 'व्' कुठे ऐकू येतो? एस आणि एच शेजारी आले की दोन नव्हे, एकच ध्वनी 'श्'. मग 'श्-इ-प्', जोडलं की 'शिप'. बनावट शब्द चार-दोन दाखवा, तेवढ्यानं त्यांची भीती जाते. रोज पाच-दहा मिनिटं, बास.

उरलेल्या वेळात गोष्ट वाचून दाखवा. मराठीतही. 'त्यानं इंग्रजी बिघडेल' ही भीती सोडा. गोष्टीचा धागा धरणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, 'का?' विचारणं, हे दुसऱ्या गुणकाचं काम आहे. ते मूल कोणत्याही भाषेत शिकलं तरी पुस्तकापुढे बसताना सोबत घेऊन जातं.

आणि ३१ गुण मिळाले तर? त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की शिक्षकांनी या मुलाला ध्वनी जुळवायला अजून थोडी मदत करावी. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी, निवाडा नव्हे. ३१ आणि ३२ यांच्यात बुद्धीचा कसलाही फरक नाही. पण घरातल्या मोठ्यांचे चेहरे त्या दिवशी पडले, तर मूल तेही वाचतं, आणि ते वाचायला त्याला फोनिक्स लागत नाही. पुस्तक म्हणजे आपल्याला नापास करणारी वस्तू, असं सहाव्या वर्षी मनात बसलं तर ते काढायला फार वर्षं लागतात.

तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलवर कार्डं बाजूला ठेवायला सांगा आणि नातवाला विचारा, 'आज कोणती गोष्ट वाचलीस? त्यात काय झालं?' इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.