देवगिरीचे ताल, पॅरिसचा ऑर्गन आणि आपली पेटी

१७८१ साली युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल पोटासाठी ऑर्गन वाजवत होता. इंग्लंडमधल्या बाथ शहरात ऑक्टॅगन चॅपेलचा तो वादक, आणि स्वतः संगीतकारही. आकाश आणि ऑर्गन यांची सोयरीक जुनी आहे, आणि तिचं कारण वाद्याच्या घडणीतच आहे. तारेवर छेडलेला सूर विरतो, गाणाऱ्याचा दम संपतो. ऑर्गनचा सूर हवा मिळेल तोवर जसाच्या तसा उभा राहतो. बत्तीस फुटी नळीच्या सर्वांत खालच्या सुराची सेकंदाला सोळाच कंपनं होतात. तो कानापेक्षा छातीला अधिक कळतो.

२०१४च्या ‘इंटरस्टेलर’ या अवकाशपटासाठी संगीतकार हान्स झिमरने लंडनच्या टेंपल चर्चचा ऑर्गन वापरला आणि रॉजर सेयरने तो वाजवला. चित्रपटात तो विलक्षण परिणाम करतो. पण त्यानंतर अवकाश म्हटलं की खाली जाड खर्ज, वर गरगर फिरणारे स्वरगुच्छ आणि शेवटी कान भरून टाकणारा आवाज, असा एक साचाच पडला आहे. वादकाची बोटं किती पळतात हे त्यात दिसतं. अंतराचा आणि काळाचा अनुभव मात्र क्वचितच येतो.

तो येतो फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँकडे. पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये १९३१पासून सहा दशकं ऑर्गन वाजवणाऱ्या या माणसाला एका फ्रेंच संगीतकोशात एकशेवीस देशी तालांची यादी सापडली. ती यादी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तली. म्हणजे तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, आजच्या दौलताबादेत लिहिलेली! मेसियाँने ते ताल १९५१च्या ‘लिव्र दॉर्ग’ या ऑर्गनरचनेत उघडपणे वापरले. तिच्या शेवटच्या भागात चौसष्ट कालमानं आहेत: सर्वांत लहान मात्रेपासून तिच्या चौसष्टपटीपर्यंत. ते ऐकताना सम शोधायची सवय निकामी होते. लय हातात लागत नाही, काळ मात्र जाणवत राहतो. वाजवायला हे कोणत्याही द्रुत तानेपेक्षा अवघड आहे. माझ्या मते अवकाशावरच्या ऑर्गनसंगीताची खरी वाट ही आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मातीतून गेलेला आहे.

मग आपल्याकडे काय झालं? पायाने भाता मारायचा ऑर्गन संगीत नाटकाने आपलासा केला. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असे. पेटीवर अद्भुत हात असलेल्या गोविंदराव टेंब्यांनी १९११च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या. एकाच माणसात वादक आणि रचनाकार होता, तरी रचना झाली ती गळ्यासाठी. पुढे गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांनी पेटी अशी वाजवली की नाट्यपदाचे शब्दही ऐकू आल्यासारखे वाटावेत. ही साधना थोर आहे. पण तिची दिशा एकच राहिली, पेटीला गायला लावायचं.

यामागे एक जखम आहे. पेटीला मींड नाही, तिचे सूर ताठ आणि पक्के, म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली; ती १९७१च्या सुमारास सैल झाली. त्या बंदीपासून आपले वादक जणू हा आरोप खोडून काढण्यासाठीच वाजवत आले. डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची पेटीही त्याच प्रश्नाचं उत्तर शोधते. पण अचल, न हलणारा, न थकणारा सूर हा ज्या कामात दोष नसून गुण ठरतो, ते काम आपण या वाद्याला दिलंच नाही.

त्या कामासाठी वाद्य आणि विषय दोन्ही जवळच आहेत. वऱ्हाडातल्या मोर्शीकडच्या भजनी मंडळांत पेटी आहे, सामुदायिक प्रार्थनेला तिचा सूर लागतो. आणि उल्कापाताने काळ्या पाषाणात कोरलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं लोणारचं विवर आपल्याच वऱ्हाडात आहे. त्या आघातावर पेटीसाठी कोणी रचना करायची म्हटली, तर आधी ‘लोणार’ नावाची तुफान तान सुचेल. ती टाळावी. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. पायपेटीत दोन्ही मोकळे राहतात. म्हणून धूळ खात पडलेल्या पायपेट्या दुरुस्त करून घेणं ही पहिली गरज. खर्जाचे सूर सलग धरावेत, वरच्या सप्तकात लगतच्या तीन-चार पट्ट्या एकत्र दाबून त्यांतला घर्षणाचा थरथराट ऐकू द्यावा, भात्याच्या दाबाने सूर फुगवावा आणि पुन्हा ओसरू द्यावा. असं वादन भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीच्या लिपीत नीट मावणार नाही. भात्याचा दाब आणि सुराची लांबी लिहिण्यासाठी खुणा नव्याने ठरवाव्या लागतील, आणि त्या वादक, रचनाकार व पेटी बांधणारा कारागीर यांनी एकत्र बसूनच ठरवायला हव्यात.