वृद्धांतील नैराश्य व लोकसंख्यात्मक घटक : एक चिकित्सा

वृद्धांमधील नैराश्याच्या लक्षणांवर लिंग, वय, शिक्षण व वैवाहिक दर्जा यांचा परिणाम तपासणारे शोधनिबंध आपल्याकडे विपुल लिहिले जातात. त्यांची पद्धती बहुधा ठरलेली असते : प्रत्येक घटक स्वतंत्र घ्यावा, 'टी' मूल्य काढावे आणि सार्थक फरक आढळला असे नोंदवावे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप येथेच आहे. भारतात पती सहसा पत्नीपेक्षा वयाने मोठा असतो आणि विधवांचे पुनर्विवाह विरळ. त्यामुळे उतारवयात वैधव्य, अल्पशिक्षण व आर्थिक परावलंबन बहुधा एकाच स्त्रीच्या वाट्याला येतात. मग 'लिंगभेद' म्हणून जे मोजले ते लिंगाचे, वैधव्याचे, की नावावर घर-जमीन नसण्याचे?

मापनसाधनाचेही तेच. येसावेज यांच्या वृद्ध नैराश्य मापनीच्या १५ प्रश्नांच्या संक्षिप्त रूपात, बाहेर पडून नवे काही करण्यापेक्षा घरी राहणे आवडते का, अशा आशयाचा प्रश्न आहे. 'होय' म्हटल्यास नैराश्याचा एक गुण मिळतो. बाहेर पडण्याची मुभाच जिला कधी नव्हती, तिचे 'होय' लक्षण मानावे काय?

अर्थात नैराश्य कल्पित नव्हे. २०१७-१८ च्या 'लासी' या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणात ६० वर्षांपुढील ८.३ टक्के व्यक्तींत गंभीर नैराश्याची शक्यता आढळली. निदान झाल्याचे सांगणारे अवघे ०.८ टक्के. ही दरी कोणत्या गटात अधिक आहे, हे सर्व घटक एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणाशिवाय कळणार नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत भरून घेतलेल्या प्रश्नावलीत तर घराबाहेर न पडणारी ती विधवा मुळात येतच नाही.