नभोवाणीची गादी

दिवाळी अंकात राजकारणाचा विषय काढू नये असा एक संकेत आहे, आणि तो मोडताना थोडा संकोचही वाटतो. पण हा विषय फराळाच्या ताटापासून फार लांबचा नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावून पाटावर बसलेल्या कित्येक घरांनी जे कीर्तन ऐकले, ते आकाशवाणीचे. निमंत्रणावाचून थेट माजघरात येणारा हा पाहुणा कोणाच्या सांगण्यावरून बोलतो, हे विचारण्याचा अधिकार घरच्यांना असला पाहिजे.

या प्रश्नावर आपल्याकडे वाद होतो तो मात्र ठरलेल्या चालीवर. प्रसार भारतीच्या मंडळावर कोणाची तरी नेमणूक होते. विरोधी पक्ष म्हणतो, हा सरकारचा माणूस. सरकार म्हणते, हा थोर माणूस. पुढे निवडणूक होते, बाके बदलतात, आणि जुन्या नाटक मंडळीत राजा आजारी पडला की प्रधानाने मुकुट चढवावा तसे संवाद तेच राहून तोंडे तेवढी बदलतात. २०१५ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हेच झाले. ती संस्था नभोवाणीची नव्हे, पण त्याच मंत्रालयाची. दूरदर्शनच्या 'महाभारता'त युधिष्ठिर झालेले गजेंद्र चौहान अध्यक्ष नेमले गेले आणि विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. पल्लवी जोशींसारख्यांनी सभासदत्व नाकारले. माझी सहानुभूती विद्यार्थ्यांच्या बाजूला होती, आजही आहे. पण चार महिने सगळी चर्चा झाली ती या गृहस्थांची योग्यता काय, याचीच. नेमणुकीची ती रीत तशीच ठेवून एखादे मोठे नाव आणले असते, तर बहुतेक टीकाकार आपापल्या घरी गेले असते.

माणूस चांगला निवडला की संस्था आपोआप चांगली चालते, हा आपला लाडका समज आहे. तो तपासून पाहायला मराठी वाचकाला दिल्लीपर्यंतही जावे लागत नाही. एका मराठी माणसाचेच उदाहरण पुरते.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याकडचे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते नभोवाणीमंत्री होते. विद्वान, संगीताचे जाणते. आज ज्या अर्थाने आपण 'राजकीय नेमणूक' म्हणून नाक मुरडतो, त्या अर्थाने यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली त्यांच्याच अमदानीत सुरू झाला, आणि १९५४ पासूनची आकाशवाणी संगीत संमेलनेही त्यांचीच. ज्या गवयांचे राजाश्रय संस्थानांबरोबर गेले, त्यांना नभोवाणीने पोटाशी धरले ते या काळात. हे ऋण मोठे आहे.

पण याच केसकरांना सिनेमाची गाणी सोसत नसत. त्यांनी त्यांवर कात्री चालवली, निर्मात्यांशी बिनसले, आणि काही वर्षे ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. पेटीवरची बंदी तर इंग्रजांच्या अमलातली, १९४० सालची. तीही त्यांनी उठवली नाही. पेटीवर पोसलेल्या नाट्यसंगीताच्या महाराष्ट्रातला मंत्री, आणि त्याच्या राज्यात पेटी हद्दपार! गवयांची योग्यता ठरवायला परीक्षा-मंडळे नेमली. त्यांच्या अग्रस्थानी पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा अधिकारी पुरुष होता, म्हणजे तज्ज्ञाची नेमणूक हवी म्हणणाऱ्यांनी आणखी काय मागावे? तरीही नावाजलेल्या कलावंतांना या वयात परीक्षेला बसणे हा अपमान वाटला आणि निषेध झाले. श्रोत्यांनी निषेध वगैरे काही केला नाही. त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. डिसेंबर १९५२ पासून तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. लोकांना कोलंबोहून माघारी बोलवायला सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' काढावी लागली.

केसकरांना कोणी लोभी म्हणाले नाही. चूक त्यांच्या शीलात नव्हती. एका माणसाची अभिरुची, मग ती कितीही संपन्न असो, साऱ्या देशाच्या कानांची मालक झाली, आणि 'अहो, हे आम्हांला नको' असे सांगायला श्रोत्याला जागाच नव्हती. दोष होता तो तिथे.

आता त्याच दशकातली दुसरी बाजू पाहा. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून 'गीत रामायणा'चे पहिले गीत गेले, आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. गदिमा आणि बाबूजी यांची नावे घरोघरी आहेत. केंद्रावरचे सीताकांत लाड मात्र थोड्यांनाच आठवतात. कल्पनेमागे आणि तगाद्यामागे ते होते. मंत्री दिल्लीत कोण होते? केसकरच. म्हणजे गादीवरचा माणूस तोच असताना एकीकडे श्रोता कोलंबोला पळत होता आणि दुसरीकडे रेडिओला हार घालत होता. हे कसे? माझे उत्तर असे की, पुण्याच्या त्या खोलीत बसणाऱ्याला स्वतःचे डोके चालवण्याइतकी मोकळीक मिळाली. मर्ढेकर, पु. ल., व्यंकटेश माडगूळकर, पाडगावकर यांनी आकाशवाणीत नोकऱ्या केल्या. आज त्या केंद्राच्या खोलीत कोण बसते, कंत्राटावर बसते की कायम, याची बातमी कधी पहिल्या पानावर पाहिली आहे? आम्हा मास्तरांना यात नवल नाही. संस्थेच्या कार्यकारी मंडळावर कोण निवडून आले, याची चर्चा गावभर होते. आठवीच्या वर्गाला गणित कोण शिकवतो, याची पालकसभेतसुद्धा होत नाही.

आणीबाणीतली कहाणी सर्वांना ठाऊक आहे. १९७६ साली किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली, एवढी आठवण पुरे. तिचा धडा म्हणून वर्गीस समितीने १९७८ साली स्वायत्त न्यासाची योजना मांडली, आणि बऱ्याच धरसोडीनंतर १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला. झाला, आणि सात वर्षे कपाटात राहिला. १५ सप्टेंबर १९९७ रोजी तो अमलात आला आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला महामंडळ उभे राहिले.

हा कायदा मी कादंबरीवाल्याच्या सवयीने, म्हणजे पात्रे मोजत वाचला. अध्यक्ष आणि सभासद सुचवायला तिघे जण : राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तेव्हा तिसरे पात्र कोणाच्या घरचे ते उघड आहे. पण खरी गंमत पुढे आहे. कलम १३ मध्ये एक संसदीय समिती आहे : लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सभासद, सर्व पक्षांचे. कलम १४ मध्ये एक प्रसारण परिषद आहे, आणि तिचे काम श्रोत्या-प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणे. केसकरांच्या काळात जी जागा नव्हती, तीच ही. कायदा करणाऱ्यांनी श्रोत्यासाठी पंक्तीत पाट मांडला होता. पान मात्र आजवर कोणत्याच सरकारने वाढले नाही. परिषद नेमलीच गेली नाही, आणि समितीही नाही. यात काँग्रेस, भाजप, आघाड्या, सगळे आले.

त्याऐवजी हातघाई झाली ती खुर्चीवर. १९९७ मध्ये वटहुकूम काढून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची वयाची अट उठवली, कारण एस. एस. गिल यांना बसवायचे होते. १९९८ मध्ये नव्या सरकारने अट परत घातली आणि गिल गेले. ६२ हा आकडा म्हणजे दाराची कडी झाली : आपला माणूस आला की काढायची, दुसऱ्याचा असला की घालायची. उलट फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यक्षपद रिकामे झाले, ते मार्च २०२४ पर्यंत रिकामेच राहिले. चार वर्षे! कोण बसले यावर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांनी कोणीच बसले नाही यावर फारसे लिहिले नाही.

'आपला माणूस' हेही प्रकरण वाटते तितके सरळ नाही. ए. सूर्यप्रकाश अध्यक्ष झाले तेव्हा ते सत्तापक्षाच्या विचाराचे म्हणून टीका झाली होती. त्यांच्याच मंडळाने फेब्रुवारी २०१८ मध्ये मंत्रालयाने सुचवलेल्या काही नेमणुका फेटाळल्या. नंतर थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर सांगितले की, डिसेंबरपासून मंत्रालयाने पगाराचे पैसे अडवले आहेत आणि आम्ही गंगाजळीतून भागवतो आहोत. मंत्रालयाने हे नाकारले. महामंडळाने करारावर सही केली नाही, हे कारण पुढे केले. खरे-खोटे काही असो, माणूस एकदा खुर्चीत बसला की कधी कधी खुर्चीचा होतो, आणि मग पैशाची पिशवी कोणाच्या हातात आहे हे दिसते. आमच्या नाशिक रोडला नोटा छापतात, पण छापणाऱ्याला कोणाचा पगार अडवता येत नाही. तो मान दिल्लीचा.

बाहेर सगळे आलबेल आहे असेही नाही. बीबीसीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प यांनी एप्रिल २०२३ मध्ये राजीनामा दिला. पंतप्रधान जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जाच्या जुळणीतला आपला हात नेमणुकीच्या वेळी त्यांनी पुरता उघड केला नव्हता, असा चौकशीचा ठपका होता. जर्मनीचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथल्या झेडडीएफ वाहिनीत २००९ साली राजकीय मंडळींनी मुख्य संपादकाची मुदत वाढवू दिली नाही. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले. २०१४ साली न्यायालयाने सांगितले की, देखरेखीच्या मंडळांत सरकारशी नाते असलेले लोक एक तृतीयांशाहून अधिक नकोत. राजकारण्यांना बाहेर काढले नाही. पंक्तीत त्यांचे पाट मोजून दिले.

आपल्याकडे श्रोत्याला जावे लागते ते कोठे, याचे ताजे उदाहरण पुण्याचेच आहे. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला. श्रोते, पत्रकार, पुढारी सगळे खवळले, आणि काही दिवसांत केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांच्याकडून स्थगिती आली. मलाही आनंद झाला. पुण्याच्या बातम्या आमच्या घरीही ऐकतात. पण निर्णय घेतला होता स्वायत्त महामंडळाने, आणि तो थांबवला मंत्र्याने. त्या आठवड्यात एकाही पुणेकराने कलम १४ च्या परिषदेकडे अर्ज केला नाही. करणार कोणाकडे? तिला ना अध्यक्ष, ना सभासद, ना अर्ज टाकायला पेटी.