‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ : एका निवेदनाची दोन अर्धी वाचने

बाबासाहेबांच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’बद्दल आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते, वाचली मात्र ती तुकड्यातुकड्यांनी जाते. सक्करदऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात अलीकडे ती सलग वाचायची ठरले. वर्गाला कॉलेजचे विद्यार्थी होते, हातमागाचे दिवस पाहिलेले एक म्हातारे विणकर होते आणि कंत्राटावर राबणारा एक तरुण होता. मतदारसंघांचे कलम चालू असताना तो तरुण मध्येच म्हणाला, “सर, मत टाकाले गेलो तं त्या दिवसाची रोजी कटते. दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणते, आता येऊ नको. मंग हा हक्क कोनाचा?”

कायद्याचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-ब आले. मतदानाच्या दिवशी कामगाराला, अगदी रोजंदारीवरच्या माणसालासुद्धा, पगारी सुट्टी द्यावी असे ते सांगते. न देणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. आणि त्या तरुणाला उद्या कामावर घेण्याची सक्ती? ती कोणावरच नाही. हे सांगताना माझीच मला लाज वाटली. त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर आमच्या हातातल्या पुस्तिकेत होते, आणि मी ते इतकी वर्षे दुसऱ्याच कारणासाठी वाचत आलो होतो.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेले हे निवेदन १९४७ साली प्रसिद्ध झाले. ज्या फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात झाली, तिचाच हा जाहीरनामा. नागपूरकरांना तो परका वाटण्याचे कारण नाही. त्याची मांडणी संविधानाच्या कलमांची आहे. एका बाजूला अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ, प्रौढ मतदान, मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्यांच्याच विधिमंडळ सदस्यांनी निवडण्याची तरतूद, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा. दुसऱ्या बाजूला मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याच्या हाती, शेती हा राज्याचा उद्योग. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. आणि हे सारे दहा वर्षांच्या आत.

या दोन बाजूंची आपण वाटणी करून टाकली. आमच्या चळवळीने पहिली बाजू उचलली. पुणे कराराची जखम ओली असल्यामुळे ते स्वाभाविकही होते. डाव्या मित्रांनी दुसरी बाजू उचलली आणि बाबासाहेब समाजवादी होते एवढा दाखला मिळवून ते मोकळे झाले. एकाने मतपेटी नेली, दुसऱ्याने भाकर नेली. निवेदनाचा प्राण या दोन गोष्टींच्या सांध्यात आहे, आणि तो सांधाच कोणी वाचला नाही.

हा सांधा स्पष्टीकरणाच्या टिपांत सापडतो. बाबासाहेबांचे म्हणणे असे : ज्याच्या हाताला काम नाही, त्याच्यापुढे नोकरी आणि मूलभूत हक्क यांपैकी एक निवडायची पाळी आली तर तो काय निवडील? संघटनेत जाऊ नको, तोंड उघडू नको, या अटीवर मिळणारे काम तो घेईल, कारण उपाशी पोराला भाषणस्वातंत्र्य खाऊ घालता येत नाही. म्हणून राज्य बाजूला सरले की स्वातंत्र्य येते हे खोटे. तेथे मालकाची हुकूमशाही येते. आमच्या वर्गातल्या तरुणाने १९४७ सालचाच प्रश्न नागपुरी बोलीत विचारला होता.

दुसरा मुद्दा : ही अर्थव्यवस्था साध्या कायद्याने नव्हे, संविधानानेच ठरवावी, असा त्यांचा आग्रह का होता? साधा कायदा आजचे बहुमत करते आणि उद्याचे बहुमत मोडते, म्हणून. याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. कामगारकपात करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली आली, ती ३०० कामगारांच्या कारखान्यांना. १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संहिता अंमलात आली. मधल्या आकड्यांत बसणाऱ्या कामगाराला दिलेले संरक्षण असे काढून घेता आले, कारण त्याला संविधानाचा आधार नव्हता.

आधार असला की काय होते, हेही आपण पाहिले आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे कलम २३ मधील सक्तीची मजुरी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात म्हटले. कलम २३ मूलभूत हक्कात आहे म्हणून न्यायालयाला हे म्हणता आले. कामाचा हक्क आणि निर्वाहाचे वेतन मात्र मार्गदर्शक तत्त्वांत. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आणलेला व्यवस्थापनातील सहभागही तेथेच. त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

निवडणुकीची बाजूही तितकीच अधुरी राहिली. जागा राखीव, पण निवडणारे बहुसंख्य इतरच. बाबासाहेब १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली शेजारच्या भंडाऱ्यात पराभूत झाले, यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा? राखीव जागांची मुदत दर दहा वर्षांनी वाढते, शेवटी २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने वाढली. त्या जागेवर बसणाऱ्याने कोणाला जाब द्यायचा, हे कोणी विचारत नाही.

निवेदन निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. मालकाच्या जागी राज्य बसले की मजूर सुटेल, हा त्यातला विश्वास आज टिकत नाही. सरकारी आणि पालिकेची झाडूकामेसुद्धा कंत्राटदाराकडे जातात, आणि झाडू त्याच जातीच्या हातात राहतो. सारा आराखडा शेती, विमा आणि मोठे उद्योग यांभोवती उभा आहे. घरोघरी धुणीभांडी करणारी बाई त्यात कोठे बसते, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. बाबासाहेबांचे नाव घेऊन या उणिवा झाकणे ही भक्ती झाली, अभ्यास नव्हे.

म्हणून माझ्या सूचना अशा. काम, किमान वेतन आणि संघटना यांचे हक्क मूलभूत हक्कांच्या भागात यावेत आणि ते खाजगी मालकावर व कंत्राटदारावरही बंधनकारक असावेत. लोकसभा व विधानसभांसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व यावे. राज्यसभेसाठी एकल संक्रमणीय मत आपण वापरतोच. ते मजुराला समजणार नाही, हा युक्तिवाद प्रौढ मतदानाच्या वेळीही झाला होता. स्वतंत्र मतदारसंघाचा हेतू, म्हणजे आपला माणूस आपण निवडणे, आज या मार्गाने साधता येईल असे मला वाटते. मतभेद असतील तर ते मांडावेत. मात्र निवेदन पुरते वाचून मांडावेत.

आमचा वर्ग दर बुधवारी बाजार उठल्यावर भरतो. एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल उभा आहे, आणि एका दुकानाच्या कंत्राटावर राबणारा तो तरुण पुढच्या बुधवारी आला नाही. रात्रपाळी लागली होती. त्याच्या पुढच्या बुधवारी आला, तेव्हा आम्ही त्याच्यासाठी ते पान पुन्हा वाचले.